इश्यूच्या किमतीखाली गेलेला टेक शेअर: धरून ठेवायचा की सोडायचा?

पूर्वरंग

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

एका टेक कंपनीच्या आयपीओला (पहिल्यांदा लोकांना शेअर विकतात तो इश्यू) मी किरकोळ, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांच्या, कोट्यातून अर्ज केला होता. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाला बोल लावायचा नाहीये. अ‍ॅप मी रोज वापरते, घरातले सगळे वापरतात, तेवढ्या विश्वासावर पैसे लावले. एक लॉट (ठरावीक शेअरांचा गठ्ठा) लागला. लिस्टिंग, म्हणजे बाजारातल्या खरेदी-विक्रीची सुरुवात, इश्यूच्या किमतीच्या थोडं वर झालं. तेव्हा विकलं नाही. पुढे भाव उतरायला लागला तसं "स्वस्तात मिळतोय" म्हणून आणखी तीनदा घेतला. आज भाव इश्यूच्या किमतीपेक्षा साधारण पंचेचाळीस टक्के खाली आहे आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेल्या पैशातला बराच मोठा भाग यात अडकलाय.

कंपनीची विक्री दर तिमाहीला वाढतेय. बातम्या चांगल्या येतात. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी भाव आणखी पडतो. हे मला खरंच समजत नाही. शिवाय इश्यूची किंमत एवढ्या मोठ्या मर्चंट बँकर्सनी अभ्यास करून ठरवली होती ना? मग ती चुकीची होती, की आजची चुकीची आहे? मी निदान माझ्या किमतीला भाव येईपर्यंत थांबावं असं म्हणतेय. जाणकारांनी स्पष्ट लिहावं. रागावलात तरी चालेल.

सुसाट

अजिबात विकू नका. झोमॅटोचं उदाहरण घ्या. जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना इश्यू आला, लिस्टिंग ११६ ला झालं, नोव्हेंबरमध्ये १६९ पर्यंत गेला. मग वर्षाच्या आत जुलै २०२२ मध्ये ४०.६० च्या आसपास. तेव्हा सगळीकडे लोक म्हणत होते की हा संपला. डिसेंबर २०२४ मध्ये हाच शेअर ३०० च्या वर होता, आणि त्याच महिन्यात कंपनी जेएसडब्ल्यू स्टीलच्या जागी सेन्सेक्समध्ये गेली. ४२ ला विकलेले माझ्या ओळखीत दोघे आहेत, अजून हळहळतात. संयम ठेवा, ताई.

ताळेबंद

सुसाट, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. त्याच वर्षी पेटीएमही आलं होतं. तेही बघू.

नोव्हेंबर २०२१, किंमत २,१५०, इश्यू १८,३०० कोटींचा. तोवर देशात एवढा मोठा इश्यू आला नव्हता. भरणा जेमतेम १.८९ पट, म्हणजे विक्रीला होते त्याच्या तेवढ्याच पट शेअरांसाठी अर्ज. १८ नोव्हेंबरला लिस्टिंग १,९५० ला झालं आणि दिवस संपताना भाव १,५६४. पहिल्याच दिवशी २७ टक्के गेले. वर्षभराने ४५० च्याही खाली. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि शेअर पुढचे दोन दिवस रोज २० टक्क्यांनी खाली बंद झाला. २०२५ संपेपर्यंत २,१५० हा आकडा परत दिसलेला नाही. बर्कशायर हॅथवेसारख्या गुंतवणूकदाराने नोव्हेंबर २०२३ मध्ये ८७७ च्या आसपास सगळा हिस्सा विकला आणि तोटा पत्करला.

"धरून ठेवा" हा सल्ला २०२२ मध्ये दोन्ही शेअरच्या मालकांना मिळत होता. शब्द न शब्द तोच. म्हणजे धरून ठेवल्यामुळे झोमॅटो वर गेला नाही. धंद्यात काहीतरी बदललं म्हणून गेला. काय बदललं ते बघायला हवं.

पूर्वरंग, तुमच्या प्रश्नाकडे येतो. इश्यूची किंमत कोण ठरवतं? कंपनी, तिचे जुने गुंतवणूकदार आणि त्यांनी फी देऊन नेमलेले बँकर. हे सगळे विकणाऱ्या बाजूला बसलेले आहेत. बँकर मोठ्या फंडांची मागणी चाचपतात आणि त्या आठवड्यात बाजार जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहे ते शोधतात. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, घर विकणाराही हेच करतो. पण या आकड्याला "अभ्यास करून काढलेलं मूल्य" समजून त्याच्याशी आजचा भाव ताडून बघणं चूक आहे. पेटीएमचं २०२०-२१ चं उत्पन्न सुमारे २,८०० कोटी होतं, तोटा सुमारे १,७०० कोटी, आणि इश्यूच्या भावाने कंपनीचं बाजारमूल्य जवळपास १ लाख ३९ हजार कोटी. म्हणजे वर्षाच्या विक्रीच्या पन्नास पट. एवढ्या किमतीत पुढच्या कित्येक वर्षांची वाढ आधीच धरलेली असते. मग विक्री वाढली तरी भाव पडतो, कारण बाजाराने त्याहून जास्त वाढीचे पैसे आधीच मोजलेले असतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच.

पूर्वरंग

"विकणाऱ्या बाजूला बसलेले" हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मी खरंच समजत होते की बँकर आपल्या बाजूने तपासणी करतो.

ताळेबंद

तपासणी करतो, पण ती माहिती खरी आणि पुरेशी आहे ना याची. किंमत योग्य आहे याची हमी तो देत नाही आणि बाजारावर देखरेख ठेवणारी सेबीही देत नाही. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर हे छापलेलं असतं. नोव्हेंबर २०२२ पासून एवढं झालं की कंपनीला आपले मुख्य कामगिरीचे आकडे आणि आधीच्या व्यवहारांतले भाव किमतीच्या समर्थनात द्यावे लागतात. २०२१ च्या इश्यूंचा अनुभव त्यामागे आहे.

जुना_खातेदार

एक खूण सांगतो, जी अर्ज करतानाच दिसते आणि कोणी बघत नाही. किरकोळ गुंतवणूकदारांसाठी किती टक्के राखून ठेवलंय ते बघा. नेहमीच्या बुक-बिल्डिंग (बोली मागवून भाव ठरवतात त्या) इश्यूत ३५ टक्के असतात. जिथे फक्त १० टक्के आहेत, तिथे समजायचं की कंपनी नफ्याच्या आणि मालमत्तेच्या निकषांत बसत नाही. मागच्या तीन वर्षांत कामकाजातून सरासरी १५ कोटींचा नफा हा त्यातला मुख्य निकष. तो नसेल तर ७५ टक्के इश्यू संस्थांनाच विकावा लागतो. तुमच्यामाझ्यासारख्याचा वाटा सेबीने विचारपूर्वक कमी ठेवलेला आहे. आणि आपण मात्र "कोटा कमी आहे, म्हणजे लागला तर नशीब" असं समजून तुटून पडतो.

मी १९९३ पासून बाजारात आहे. इन्फोसिसचा इश्यू ९५ रुपयांना आला होता, तोही पुरता भरला नव्हता. मॉर्गन स्टॅनलीने १३ टक्के हिस्सा उचलला तेव्हा निभावलं. जूनमध्ये लिस्टिंग १४५ ला झालं. मी अर्ज केला नव्हता, संगणकवाल्या कंपनीत काय ठेवलंय असं वाटलं होतं. ती खंत आहे मनात, आणि तिच्यामुळेच पुढे नको तिथे पैसे घातले. प्रत्येक टेक इश्यूत मला पुढची इन्फोसिस दिसायची. इन्फोसिस तेव्हाही नफ्यात होती, हे मी सोयीस्कर विसरायचो.

उत्तररात्र

काकांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. इश्यूनंतरच्या शंकांचं सगळ्यात अभ्यास करण्यासारखं प्रकरण माझ्या मते फेसबुकचं आहे. १८ मे २०१२, किंमत ३८ डॉलर, १६ अब्ज डॉलर उभे केले. पहिल्या दिवशी नॅस्डॅकची यंत्रणा अडखळली, व्यवहार सुरू व्हायलाच अर्धा तास उशीर झाला, आणि दिवसअखेर भाव ३८.२३. तो ३८ च्या वर राहिला तोही बँकरांनी खालून खरेदी करून धरला म्हणून. ४ सप्टेंबरला १७.५५.

लोक यातून "बघा, फेसबुकसुद्धा पडलं होतं" एवढंच घेतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तेव्हाची शंका बिनबुडाची नव्हती. कंपनीनेच इश्यूच्या नऊ दिवस आधी सुधारित कागदपत्रांत लिहिलं होतं की वापरणारे मोबाइलकडे वळतायत आणि तिथे जाहिराती त्या वेगाने वाढत नाहीयेत. म्हणजे प्रश्न एकच आणि स्पष्ट होता: मोबाइलवर पैसे मिळतील का? पुढच्या वर्षी जुलै २०१३ मध्ये निकालात उत्तर आलं, जाहिरातींच्या उत्पन्नातला ४१ टक्के भाग मोबाइलवरून. आठवडाभरात भाव पुन्हा ३८ ला टेकला. म्हणजे चौदा महिने लागले.

पूर्वरंग, तुमच्या कंपनीबद्दल तसा एक प्रश्न तुम्हाला एका वाक्यात लिहिता येईल का? "भाव परत येईल का" हा तो प्रश्न नाही. पैसे नेमके कुठे अडतायत, आणि ते सुटलंय हे कोणत्या आकड्यावरून कळेल?

सुसाट

उत्तररात्र, मस्त प्रतिसाद. ताळेबंद, मी घाईत लिहिलं होतं, मान्य. पण मग झोमॅटोत काय बदललं? मला मनापासून जाणून घ्यायचंय, कारण माझ्याकडे अजून आहेत.

ताळेबंद

माझ्या समजुतीप्रमाणे दोन गोष्टी. घरपोच जेवणाच्या धंद्यातला तोटा खरंच कमी होत गेला आणि एप्रिल-जून २०२३ च्या तिमाहीत पहिल्यांदा निव्वळ नफा दिसला, २ कोटी. आकडा एवढासा, पण शून्याच्या वरचा. दुसरी ब्लिंकिट, झटपट किराणा पोचवणारी कंपनी. जून २०२२ मध्ये ४,४४७ कोटींना, शेअर देऊन ती विकत घ्यायचं जाहीर झालं तेव्हा गुंतवणूकदार चिडले होते, भाव पडायचं ते एक कारण होतं. पुढे बाजाराने त्याच धंद्याला सगळ्यात जास्त किंमत दिली. हे २०२२ मध्ये कोणाला खात्रीने माहीत होतं असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आणि २५ जुलै २०२२ ला एका दिवसात ११ टक्के पडला, त्याचं कारण वेगळंच होतं. कंपनीला प्रवर्तक (ताबा असलेला मुख्य मालक) नाही, त्यामुळे इश्यूआधीच्या सगळ्या भागधारकांवर एक वर्षाचं लॉक-इन, म्हणजे शेअर विकायला बंदी, होतं. ते संपलं आणि जवळपास ७८ टक्के शेअर एकदम विक्रीला मोकळे झाले. पुढच्याच आठवड्यात उबरने आपला सगळा हिस्सा ५० च्या आसपास विकून टाकला.

उत्तररात्र

लॉक-इनबद्दल एक गंमतीशीर नव्हे, विचार करण्यासारखी गोष्ट: फेसबुकचं सगळ्यात मोठं लॉक-इन १४ नोव्हेंबर २०१२ ला सुटलं, सुमारे ८० कोटी शेअर. त्या दिवशी भाव जवळपास १२ टक्के वाढला. सगळे आधीच घाबरून विकून बसले होते. त्यामुळे फक्त तारीख बघून विकणं किंवा घेणं यावर माझा भरवसा नाही. तारीख माहीत मात्र हवी. आपल्याकडे अँकर गुंतवणूकदारांचे (इश्यू उघडण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे) अर्धे शेअर ३० दिवसांनी आणि एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाने उरलेले अर्धे ९० दिवसांनी सुटतात. प्रवर्तक सोडून इतर जुन्या भागधारकांना आता साधारण सहा महिने.

निळीशाई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी अशाच एका टेक कंपनीत नोकरीला होते. नाव नको. पगाराचा एक भाग ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क, म्हणजे ऑप्शन) म्हणून मिळायचा. लिस्टिंगनंतर भाव चढा होता तेव्हा मी माझे ऑप्शन वापरले, शेअर नावावर घेतले. त्या दिवशीच्या बाजारभावात आणि मी भरलेल्या किमतीत जो फरक होता, तो पगार धरून त्यावर कर कापला गेला. तीस टक्क्यांच्या टप्प्यात. कर भरायला बचत मोडली. शेअर विकले नाहीत, कारण ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटत होतं की हे तर आत्ता सुरू झालंय. विकणारा म्हणजे घरभेदी.

वर्षभरात भाव इतका उतरला की हातातल्या शेअरांची किंमत आणि भरलेला कर यांत फारसं अंतर राहिलं नाही. तो कर परत मिळत नाही. पुढे विकल्यावर तोटा भांडवली तोटा म्हणून दाखवता येतो, पण पगारावरच्या करातून तो वळता होत नाही.

सांगायचं हे की आतल्या माणसांनाही माहीत नव्हतं. आम्ही रोज आतले आकडे बघत होतो, ऑर्डर वाढताना दिसत होत्या, आणि तरी इश्यूच्या किमतीलाच खरी किंमत समजत होतो. पूर्वरंग, "एवढी साधी गोष्ट मला कळली नाही" असं वाटून घेऊ नका. मी हिशेबाच्या विभागात होते.

पूर्वरंग

निळीशाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून आभार.

उत्तररात्र, प्रश्न एका वाक्यात लिहायचा प्रयत्न केला. "जुन्या ग्राहकाला सवलत न देता तो परत येतो का?" बरोबर आहे का माहीत नाही. कंपनी "समायोजित एबिटडा" नफ्यात आल्याचं सांगते (व्याज, कर, घसारा आणि कंपनीने वगळलेले आणखी काही खर्च धरण्याआधीचा नफा). ते बघून मी तिसऱ्यांदा शेअर घेतले होते.

ताळेबंद

प्रश्न उत्तम आहे. तो सोडू नका.

समायोजित एबिटडाबद्दल: त्यातून काय काय वगळलंय ते त्याच पानावर बारीक अक्षरात असतं. बहुतेक वेळा ईसॉपचा खर्च वगळतात. निळीशाईंनी लिहिलंय तो पगारच आहे, रोख न देता शेअरमध्ये दिलेला. तो खर्च तुम्ही भरता, कारण शेअरांची संख्या वाढते आणि तुमचा वाटा पातळ होतो. पेटीएमने ईसॉपआधीचा एबिटडा ऑक्टोबर-डिसेंबर २०२२ मध्येच नफ्यात आणला, ठरवलेल्या मुदतीच्या आधी, आणि ते कौतुकास्पद होतं. पण निव्वळ नफा? २०२४ च्या जुलै-सप्टेंबरमध्ये ९३० कोटी दिसला तो तिकिटांचा धंदा झोमॅटोला विकल्यामुळे, एकदाच येणारा. धंद्यातून आलेला निव्वळ नफा एप्रिल-जून २०२५ मध्ये, १२२ कोटी. मधे अडीच वर्षं गेली. "नफा" या शब्दाचे दोन अर्थ आणि त्यांच्यात अडीच वर्षांचं अंतर, हे लक्षात असू द्या.

तुम्ही नफातोटा पत्रकाऐवजी रोख प्रवाहाचं पान उघडा. कामकाजातून रोकड येतेय की जातेय, आणि जात असेल तर बँकेतली शिल्लक किती वर्षं पुरेल. एवढं केलंत तरी धरायचं की सोडायचं याबद्दल आजच्यापेक्षा बरंच जास्त कळेल.

अनामिक_२७

थोडं अवांतर. माझ्या एका मैत्रिणीने नायकाचा भाव एका दिवसात एक षष्ठांश झालेला बघून घाबरून सगळं विकलं होतं. तो पडला नव्हता, नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाला पाच बोनस, म्हणजे एका शेअरमागे पाच फुकट शेअर, दिले होते. ज्यांनी १,१२५ ला घेतले त्यांची किंमत आता १८७.५० धरायची. पूर्वरंगताई, तुमच्या कंपनीने बोनस किंवा विभाजन केलं नाहीये ना, एकदा खात्री करा.

पूर्वरंग

नाही, तसं काही झालेलं नाही. पडलाय तो खराच पडलाय.

जुना_खातेदार

पोरी, एक स्पष्ट बोलतो. वडीलकीने. कंपनी चांगली की वाईट हा विषय क्षणभर बाजूला ठेव. शिक्षणाचे पैसे कधी लागणार आहेत?

पूर्वरंग

काका, पुढच्या वर्षी जूनमध्ये पहिला हप्ता.

जुना_खातेदार

मग तेवढे पैसे आजच्या आज बाहेर काढ. फेसबुकला चौदा महिने लागले, झोमॅटोला ७६ परत बघायला दोनेक वर्षं, आणि हे सावरलेले. तुझ्याकडे तेवढी मुदत नाही. उरलेल्याचं काय करायचं ते निवांत ठरव. आणि "माझी किंमत" हा शब्द वापरू नकोस. बाजाराला तुझी किंमत माहीत नाही. मी एका शेअरची माझी किंमत यायची अकरा वर्षं वाट पाहिली आहे. आली तेव्हा त्या पैशांत काय येत होतं ते सांगायला नको.

सुसाट

काकांशी सहमत. माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेतो, शिक्षणाचे पैसे आहेत हे मी नीट वाचलंच नव्हतं. माफ करा ताई.

ताळेबंद

विकणार असाल तर कराचं बघून विका. तुम्ही चार वेळा घेतलेत, आणि डीमॅटमध्ये आधी आलेले शेअर आधी गेले असं धरतात. म्हणजे इश्यूतला, सगळ्यात महाग लॉट पहिला जाईल. वर्षाच्या आतला तोटा अल्पमुदतीचा, तो कोणत्याही भांडवली नफ्यातून वजा होतो. वर्षावरचा दीर्घमुदतीचा, तो फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून. विवरणपत्र वेळेत भरलंत तर उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. उशीर झाला तर नाही. बरेच लोक इथेच चुकतात, कारण "तोटाच झालाय, त्यात काय दाखवायचं" असं वाटतं. जरूर दाखवा.

पूर्वरंग

सगळ्यांचे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. तिच्यासाठीच ठेवलेले पैसे आहेत, तिला माहीत असायला हवं असं वाटलं. ती एवढंच म्हणाली, की आई, हे मला आधीच सांगायचंस.

आज पहिल्या हप्त्याला पुरतील एवढे विकले. विक्रीचं बटण दाबताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. उरलेले सध्या ठेवलेत. वार्षिक अहवाल उतरवून घेतलाय. रोख प्रवाहाच्या पानावर कामकाजातून गेलेली रोकड मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे, पण अजून उणेच आहे. बँकेतली शिल्लक आणि ठेवी मिळून, याच वेगाने गेली तर तीन वर्षं पुरेल असं माझं गणित आलं. ताळेबंद, "इतर वित्तीय मालमत्ता" म्हणून जी रक्कम दिलीय तीही शिल्लक म्हणून धरायची का?

ताळेबंद

टीप क्रमांक बघून त्या पानावर जा. त्यात बारा महिन्यांहून लांबच्या मुदत ठेवी असतील तर धरा. कुठे तारण म्हणून अडकवलेल्या असतील तर धरू नका. ते पान इथे चिकटवा, बघतो.